कोयनेच्या पाण्यावर डिझेल किती दिवस?

कोयनेच्या पाण्यावर १,९६० मेगावॉट क्षमतेची वीजकेंद्रे उभी आहेत. या विजेवर राज्यातले कारखाने चालले, शहरे उजळली. पण ज्या शिवसागर जलाशयातून ही वीज निघते, त्याच्यावरच्या लाँच आजही डिझेलवर धडधडतात. धरणात ज्यांची जमीन गेली, रस्ते गेले, त्या तापोळा-बामणोली भागातल्या आणि पलीकडच्या कांदाटी खोऱ्यातल्या माणसांना बाजार, दवाखाना, कचेरी गाठायची तर लाँच लागते. डिझेल महागले की पहिला चटका त्यांनाच बसतो. या लाँच विजेवर चालवता येतील का, हा विचार आता जिल्ह्याने करायला हवा.

ही काही हवेतली गोष्ट नाही. केरळात वैकम ते तवणक्कडवू या जलमार्गावर ‘आदित्य’ नावाची ७५ प्रवाशांची सौर बोट जानेवारी २०१७ मध्ये सुरू झाली. तिला २० किलोवॉटच्या दोन मोटारी आहेत आणि ती चालवते तिथले सरकारी जलवाहतूक खाते. मात्र ही बोट मुळातच हलकी आणि विजेसाठी म्हणून बांधलेली आहे. आपल्याकडे प्रश्न आहे तो जुन्या, जड लाँचचा.

हिशेब साधा आहे. एक लिटर डिझेल जाळल्यावर लाँचच्या पंख्यापर्यंत फार तर तीन युनिट काम पोचते. बाकीची उष्णता धुरातून आणि गरम पाण्यातून वाया जाते. समजा, एखादी लाँच तासाला पाच लिटर डिझेल खाते. नव्वद रुपये लिटरच्या भावाने साडेचारशे रुपये झाले. तेवढेच काम मोटारीकडून घ्यायला सतरा-अठरा युनिट वीज लागेल. दहा रुपये युनिट धरले तरी एकशेऐंशी रुपये. विहिरीवरचे इंजिन काढून मोटर बसवलेल्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको.

पण विहिरीवर वायर जाते, पाण्यावर जात नाही. तिथे बॅटरी लागते. दोन तास लाँच चालवून थोडी शिल्लक ठेवायची तर चाळीस युनिटांची बॅटरी हवी. लिथियमची घेतली तरी तिचे वजन चारशे किलोच्या घरात जाते. ती इंजिनाच्या जागी, तळाशी आणि मधोमध बसवावी लागते. नाही तर लाँच एका अंगाला कलते. वेगाचेही तसेच. वेग पाव हिश्शाने कमी केला तर लागणारी शक्ती निम्म्याहून खाली येते. म्हणजे बारा मिनिटांच्या खेपेला सोळा मिनिटे लागतील, पण बॅटरी बरीच जास्त पुरेल.

खरे घोडे पेंड खाते ते पैशापाशी. डिझेलचा खर्च रोजचा असतो. दहा लिटर आणले, तेवढ्या खेपा झाल्या. बॅटरीचे काही लाख रुपये मात्र पहिल्याच दिवशी मोजावे लागतात, आणि ते फिटायला काही वर्षे जातात. पर्यटकांच्या हंगामावर पोट असलेला लाँचवाला एवढी रक्कम आणणार कुठून? म्हणून सुरुवात त्याच्या खिशातून नको, सरकारी लाँचपासून व्हावी.

अडचणी आहेतच, त्या झाकून उपयोग नाही. उन्हाळ्यात पाणी मागे हटते आणि धक्का कोरडा पडतो. तेव्हा चार्जिंगचा खांब काठावर रोवून भागणार नाही. पाण्याबरोबर सरकणारा तरंगता धक्का लागेल. पावसाळ्यात या भागात वीज गेली की कधी येईल याचा भरवसा नसतो, आणि ढगांत सौर पत्रेही फारसे कामाचे नाहीत. रात्री-अपरात्री बाळंतीण किंवा साप चावलेला माणूस पलीकडे न्यायचा असेल, तर ‘बॅटरी उतरली’ हे उत्तर कुणी ऐकून घेणार नाही. त्यामुळे एक डिझेल लाँच कायम तयार ठेवावीच लागेल.

तरीही एका लाँचने सुरुवात करायला काय हरकत आहे? जिल्हा परिषदेने रोजच्या फेरीची एक लाँच निवडावी. जिल्हा नियोजन समितीने तिच्या मोटारीचा आणि बॅटरीचा खर्च उचलावा. २०२१ च्या अंतर्गत जलयान कायद्यात विजेवर चालणाऱ्या जलयानांचा विचार केलेला आहे. त्यानुसार रीतसर तपासणी व्हावी. मग वर्षभर खेपा किती, युनिट किती, बिघाड किती, याचा हिशेब दर महिन्याला तापोळा आणि बामणोलीच्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावा. आकडे पटले तर विहिरीवरच्या मोटारीसाठी मिळते तसे कर्ज लाँचवाल्यांना जिल्हा बँकेने द्यावे.

राज्याच्या विजेसाठी या खोऱ्याने आपली गावे पाण्याखाली जाऊ दिली. त्या विजेतली चाळीस युनिटे त्यांच्या लाँचला देणे जड जाऊ नये. पुढच्या वार्षिक आराखड्यात एवढी एक तरतूद करावी, असे आमचे जिल्ह्याच्या कारभाऱ्यांना सांगणे आहे.