मुलगा कॅसिनोत पत्ते वाटणार?

चेन्नईचे टी. नगर म्हणजे सोन्याची पेठ. उस्मान रोडवर दागिन्यांच्या दुकानांची रांग संपता संपत नाही. आणि सोने जिथे, तिथे गलाईवाला आलाच. सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी भागातली माणसे सोने-चांदी आटवून शुद्ध करण्याचा हा धंदा घेऊन तामिळनाडूभर पसरली आणि तिथलीच झाली. घरात मराठी, दारात तामिळ. समजा, अशाच एखाद्या घरातल्या, हॉटेल मॅनेजमेंट शिकलेल्या बावीस वर्षांच्या मुलाने जेवताना सांगितले, ‘आई, गोव्यात नोकरी मिळतेय. कॅसिनोत. डीलरची.’ तर काय होईल?

आईच्या हातातला डाव तसाच राहील. बाबा म्हणतील, ‘म्हणजे पत्ते पिसायला पाठवायचं तुला?’ आणि मुलगा पुन्हा पुन्हा सांगेल, ‘अहो बाबा, मी खेळणार नाही. वाटणार. नोकरी आहे ती.’

दोघांचेही बरोबर आहे. म्हणून तर हा निर्णय अवघड!

तामिळनाडूत पत्त्यांचे नाव काढले की घरातली मोठी माणसे दचकतात, त्याला कारण आहे. ऑनलाइन रमीत पैसे घालवून माणसांनी जीव दिल्याच्या बातम्या तिथे वर्षानुवर्षे येत होत्या. त्यावरून राज्य सरकारने २०२२ साली न्या. के. चंद्रू यांची समिती नेमली आणि कायदा आणला. महाराष्ट्राची गोष्ट आणखी गमतीची. इथे कॅसिनोंना परवानगी देणारा कायदा १९७६ सालीच झाला होता, पण तो कधी अमलातच आला नाही. सत्तेचाळीस वर्षे कागदावर राहिलेला तो कायदा रद्द करण्याचा निर्णय सरकारने २०२३ साली घेतला. तेव्हा मुंबई-पुण्याच्या मुलालाही ही नोकरी हवी असेल, तर बॅग भरावीच लागते.

जायचे कुठे? देशात ठिकाणे मोजकीच. सिक्कीमने २००२ साली कायदा केला, पण खरा पसारा गोव्यात. तिथल्या कायद्यात १९९२ साली दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरचे खेळ आले. पुढे १९९६ साली बोटींवर टेबलावरच्या खेळांना मुभा मिळाली. कॅसिनोची पहिली बोट, काराव्हेला, २००१ साली मांडवीत आली. हा फरक नीट लक्षात घ्यायला हवा. कायद्याने जमिनीवर यंत्रे आणि पाण्यावर टेबले. म्हणजे हाताने पत्ते वाटणाऱ्या माणसाची नोकरी मुख्यतः पणजीसमोर नांगरलेल्या त्या मोजक्या बोटींवरच आहे. एवढ्या मोठ्या देशात एका नदीतल्या बोटींवर अवलंबून असलेला दुसरा पेशा शोधून सापडायचा नाही.

आता कामाकडे वळू. सिनेमात दिसतो तो डीलर डोळे बारीक करून समोरच्याला हरवतो. प्रत्यक्षात डीलर कुणाला हरवत नाही की कुणाकडून हरत नाही. ब्लॅकजॅकमध्ये त्याच्या पानांची बेरीज सोळा झाली तर त्याने आणखी पान घ्यायचेच आणि सतरा झाली की थांबायचे. मनात काही येवो, नियम ठरलेला. रूलेटच्या चाकावर ३७ घरे असतात आणि नेमक्या आकड्यावर पैसे लावून जिंकणाऱ्याला मिळतात ३५ पट. गणित करून पाहा. शंभर रुपये एकाच आकड्यावर ३७ वेळा लावले, म्हणजे गेले ३,७००. हिशेबाने एकदा आकडा लागला तर त्या वेळचे शंभर धरून हाती येतात ३,६००. उरलेले शंभर कॅसिनोचे. शेकड्याला पावणेतीन रुपयांच्या आसपास, रात्रभर, प्रत्येक टेबलावर. कॅसिनोला लबाडी करायची गरज पडत नाही ती यामुळे.

मग डीलरला यावे काय लागते? पाढे. सतरा पट, पस्तीस पट, त्यातही चिप्स तीन-चार जागी विभागून ठेवलेल्या, बेरीज तोंडी आणि क्षणात. हात सफाईदार हवेत, पण जादूगाराचे नकोत. प्रत्येक पान, प्रत्येक चिप वरच्या कॅमेऱ्याला दिसेल अशीच ठेवायची. टेबल सोडताना दोन्ही तळवे उघडून, उलटेसुलटे करून दाखवायचे, म्हणजे हाताला काही चिकटलेले नाही हे वर बसलेल्याला कळते. पुष्कळ ठिकाणी गणवेशाला खिसाच नसतो. गलाईच्या घरातल्या मुलाला यात नवे वाटू नये. दिवसभर दुसऱ्याचे सोने हाताळायचे आणि त्यातला कण आपल्या नखात राहू द्यायचा नाही, ही शिकवण त्याला घरातूनच मिळालेली असते.

पत्त्यांचे शिक्षण नवख्याला कॅसिनो बहुधा स्वतःच देतात, काही आठवड्यांचे. त्यामुळे डीलर व्हायला आधीच हजारो रुपये भरून बाहेरचा कोर्स करायलाच हवा, असे समजू नये. काम मात्र रात्रीचे. लोक सुट्टीला येतात तेव्हा तुमची हजेरी पक्की. दिवाळी, नाताळ, एकतीस डिसेंबर, सगळे टेबलापाशी. तासन्‌तास उभे राहायचे, मधूनमधून टेबल बदलायचे, थोडी विश्रांती, की पुन्हा उभे. काही ठिकाणी सिगारेटच्या धुरात. पाठ, पाय आणि झोप यांची किंमत पगाराच्या कागदावर लिहिलेली नसते. मुलगी या कामाला निघाली असेल तर पहाटे घरी सोडायला गाडी आहे का, राहायची सोय कुठे, हे आईने बेधडक विचारावे. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

पण या सगळ्याहून अवघड गोष्ट वेगळीच आहे.

टेबलापलीकडे बसलेला माणूस आपल्या डोळ्यांदेखत खचत जातो. संध्याकाळी हसत आलेला असतो, मध्यरात्री त्याचा आवाज बदलतो, पहाटे तो फोनवर कुणाकडून तरी पैसे मागवतो. ‘काका, पुरे झालं, उठा आता’ हे वाक्य डीलरच्या ओठांवर येते आणि तिथेच राहते. त्याला बोलायची मुभा नाही. त्याने हसतमुखाने पुढचे पान द्यायचे. महाभारतातल्या द्यूतसभेत शकुनीची चर्चा पुष्कळ होते, पण सारे पाहत गप्प बसलेल्यांची आठवण जास्त बोचते. डीलर हा काही शकुनी नव्हे. त्याची जागा असलीच तर त्या गप्प बसलेल्यांमध्ये आहे, आणि तीही पगारी. काहींना हे सहज जमते. ‘बारमध्ये वाढणाराही कुणाला थांबवत नाही,’ असे ते म्हणतात, आणि त्यांचे म्हणणे खोटे नाही. काहींना मात्र सहा महिन्यांत झोपेत चिप्स दिसू लागतात. आपला मुलगा कोणत्या जातकुळीचा, हे त्याच्या गुणपत्रिकेवरून कळायचे नाही. आईला बहुधा कळते.

गोवा सरकारलाही मनातून हे ठाऊक असावे. १ फेब्रुवारी २०२० पासून गोमंतकीयांना कॅसिनोत खेळायला जायला बंदी झाली. काम करायला मात्र मुभा. म्हणजे म्हापशाचा मुलगा ज्या टेबलावर रात्रभर पत्ते वाटतो, त्या टेबलावर कायद्याने त्याच्या भावाला बसता येत नाही. ज्या गोष्टीपासून सरकार आपल्या माणसांना जपते, तीच विकण्याचे काम आपल्या माणसांना देते. यावर काय बोलावे?

आणि जे सरकार देते, ते सरकार काढूनही घेते. मांडवीतून कॅसिनो हटवण्याची आश्वासने गोव्याच्या प्रत्येक पक्षाच्या तोंडी येऊन गेली आहेत. बोटी अजून तिथेच आहेत, पण मुदतवाढीवर. करोनात मार्च २०२० मध्ये कॅसिनो बंद झाले ते १ नोव्हेंबरला उघडले. पुढल्या वर्षी पुन्हा बंद, ते २० सप्टेंबर २०२१ पर्यंत. जीएसटी २८ टक्के होता, तो सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, तेव्हा मोठमोठ्या कंपन्यांनी काही दिवसांत ते खेळ गुंडाळले आणि तिथल्या पुष्कळ मुलांच्या नोकऱ्या गेल्या. त्या मुलांनीही ‘आम्ही खेळत नाही, आमची नोकरी आहे’ असेच घरी सांगितले असणार.

म्हणून ही नोकरी घ्यायचीच झाली, तर आयुष्यभराची म्हणून घेऊ नये. दोन-तीन वर्षे, अनुभवापुरती, आणि हॉटेलचे किंवा हिशेबाचे दुसरे शिक्षण हातात ठेवून. अनुभव झाल्यावर पर्यटन-जहाजांवर जागा निघतात. काही महिन्यांचा करार, राहणे-खाणे जहाजावर. त्यासाठी खलाशाचे सीडीसी पुस्तक आणि जीवरक्षणाचे प्रशिक्षण लागते. जून २०२२ मध्ये कॉर्डेलिया ही पर्यटन-नौका चेन्नई बंदरातूनच निघाली होती, आणि तिच्यावरही कॅसिनो होता. मकावची स्वप्ने मात्र कुणी दाखवली तर ऐकू नये. तिथे डीलरचे काम स्थानिक रहिवाशांनाच मिळते.

ज्या मुलाला स्वतःलाच पत्त्यांचा नाद आहे, त्याने या वाटेला जाऊच नये. ‘खेळ जवळून शिकायला मिळेल’ म्हणणाऱ्याला तर घरच्यांनी तिथल्या तिथे थांबवावे. ज्याला आकडे आवडतात, ज्याचे हात शांत आहेत आणि जो दुसऱ्याच्या पैशाकडे दुसऱ्याचा पैसा म्हणूनच पाहू शकतो, त्याला अडवण्याचे कारण नाही.

पहिल्या मुलाखतीला जाताना काही प्रश्न कागदावर लिहून न्यावेत. मूळ पगार किती आणि टिप किती? टिप ज्याची त्याला की सगळ्यांची एकत्र करून वाटतात? भविष्यनिर्वाह निधी कापतात का? प्रशिक्षणाच्या काळात पैसे मिळतात की नाही? बोट बंद राहिली तर पगाराचे काय? मध्येच नोकरी सोडली तर काही भरावे लागते का? उत्तरे तोंडी मिळाली तर ती नेमणूकपत्रात मागावीत.

आणि दलाल थेट परदेशातल्या ‘कॅसिनो नोकरी’चे तिकीट हातात ठेवत असेल, तर तो माणूस परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट यादीत आहे का, हे आधी पाहावे. थायलंडमध्ये संगणकाची नोकरी म्हणून नेलेले आणि म्यानमारमध्ये फसवणुकीच्या कामाला जुंपलेले तामिळ तरुण ऑक्टोबर २०२२ मध्ये चेन्नई विमानतळावर उतरले. तो विमानतळ टी. नगरपासून फार लांब नाही.