मेंदूंतील छाया आणि यंत्राची नजर

आमचे थोरले काका एके सकाळीं पूजेस बसले होते. काकू नैवेद्य घेऊन गेल्या, तों त्यांचें तोंड एका अंगास वांकडें झालेलें आणि शब्द अडखळत असलेले. कोणी वात म्हणून तेल चोळावयास धांवलें, कोणी सुंठ उगाळली. त्या उपचारांत गेलेला वेळ आम्हांस अजून टोंचतो.

अर्धांगवायूचें मूळ मेंदूंत असतें. पण तें दोन परस्परविरुद्ध प्रकारांचें. गुठळी अडकून रक्तवाहिनी तुंबते, नाहीं तर ती फुटून रक्तस्राव होतो. गुठळी विरघळविणारें औषध सामान्यतः पहिल्या साडेचार तासांतच द्यावयाचें असतें. तेंच रक्तस्रावांत दिल्यास प्राणावर बेततें. हा भेद बाहेरून निश्चित कळत नाहीं.

१८९५ सालीं क्ष-किरण सांपडले, तरी साध्या छायाचित्रांत कवटी दिसे, मेंदू दिसत नसे. तो दिसला १ ऑक्टोबर १९७१ रोजीं, विंबल्डनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ले रुग्णालयांत, गॉडफ्रे हौन्सफील्ड यांच्या यंत्रानें. अनेक कोनांतून किरण सोडावयाचे, पलीकडे किती पोंचले तें मोजावयाचें, आणि त्या आंकड्यांवरून आंतील प्रत्येक बिंदूची घनता संगणकाकडून काढून घ्यावयाची. म्हणजे सी. टी. स्कॅन हें मुळांत छायाचित्र नव्हेच, गणित आहे! त्यांत ताजें रक्त पांढरें उमटतें. उलट गुठळीमुळें उपाशी पडलेला भाग आरंभीं जवळजवळ निर्दोष दिसतो. तज्ज्ञांचीहि फसगत होते ती येथेंच.

आतां हीं चित्रें वाचण्यासहि संगणक पुढें आला आहे. मुंबईच्या क्यूअर एआय या संस्थेच्या संशोधकांनीं भारतांतील ३,१३,३१८ स्कॅन जमविले, आणि २०१८ सालीं आपले निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्यें प्रसिद्ध केले. यंत्रास नियम पढविले नव्हते. अभिप्रायासह चित्रें दाखवून दाखवून त्याची नजर तयार केली. मग ४९१ निराळ्या स्कॅनवर तीन तज्ज्ञांच्या मताशीं त्याचें मत ताडून पाहिलें.

अशा यंत्राचा मोठा उपयोग आम्हांस रांगेंत वाटतो. मध्यरात्रीं एकच तज्ज्ञ आणि चित्रें पुष्कळ, अशा वेळीं रक्त दिसणारें चित्र तें वर काढून ठेवतें. पण चुन्याच्या कणांस तें रक्तहि समजूं शकतें, आणि 'कांहीं आढळलें नाहीं' याचा अर्थ गुठळी नाहीं असा होत नाहीं. म्हणून चित्र कोणत्या डॉक्टरांनीं स्वतः पाहिलें, हें विचारण्यास घरच्यांनीं संकोचूं नये.

आणि रुग्ण शेवटचा धड केव्हां दिसला, ती वेळ कागदावर टिपून न्यावी. डॉक्टरांनीं आम्हांस प्रथम तेंच विचारलें. एवढें भरलें घर, पण काका पूजेपूर्वीं कोणाशीं केव्हां बोलले, तें एकासहि सांगतां येईना.