ऑर्कची बुद्धी कोणी ठरवली?

१/ ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळात पात्राचे बळ, चपळाई, बुद्धी, प्रभाव हे सारे अंकांत मोजले जाते. १९७८च्या नियमपुस्तकात पात्राचा वंश निवडताच हे अंक बदलत. एल्फला चपळाईत एक अधिक. अर्ध-ऑर्कला बळात एक अधिक, प्रभावात दोन उणे. पात्राने आयुष्यात काय केले, याचा या हिशेबाशी संबंध नव्हता.

२/ समर्थकांचे म्हणणे असे की, एल्फ आणि ऑर्क ही माणसे नव्हेत. त्यांच्यात भेद असणारच. हे निम्मे खरे आहे. ड्वॉर्फला अंधारात दिसणे हे शरीराचे वैशिष्ट्य झाले. बुद्धीचा आणि प्रभावाचा अंक मात्र एका अख्ख्या समाजाची योग्यता ठरवतो.

३/ योग्यता जन्मावरून ठरवण्याची ही रीत इतिहासाला परिचित आहे. १८५७नंतर ब्रिटिशांच्या हिंदी लष्करात ‘लढाऊ जातीं’चा सिद्धान्त रुजला. लॉर्ड रॉबर्ट्स सरसेनापती असताना (१८८५–९३) त्याने जोर धरला. शीख, गुरखा, पठाण जन्मतः शूर. इतर अनेक जन्मतः अपात्र.

४/ १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावच्या लढाईत कंपनीच्या बाजूने लढताना पडलेल्या महार शिपायांची नावे तेथील स्तंभावर कोरलेली होती. तरीही १८९०च्या दशकाच्या आरंभी महारांची भरती थांबली. गोपाळ बाबा वलंगकर आणि पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी सरकारकडे अर्ज केले. दार उघडले नाही.

५/ पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली, तेव्हा १९१७मध्ये महारांची पलटण उभारली गेली. १९२१मध्ये ती मोडली. दुसऱ्या महायुद्धात, १९४१मध्ये, महार रेजिमेंट स्थापन झाली. या साऱ्या काळात शौर्य तेच होते. बदलत होती ती यादी करणाऱ्यांची गरज.

६/ खेळाचा नियम थेट या धोरणातून आला, असा याचा अर्थ नाही. साम्य आहे ते विचारपद्धतीत. तक्त्यातला अंक वर्णनाचा आव आणतो आणि काम निवाड्याचे करतो. एकदा तो छापला गेला की समोरचा पुरावाही त्याला हलवू शकत नाही.

७/ २०२०मध्ये हे अंक हवे तिथे वळवण्याची मुभा खेळात आली. २०२४च्या पुस्तकाने ते वंशाकडून काढून पात्राच्या पूर्वायुष्याला जोडले. जन्माऐवजी जगणे मोजणे, हे पाऊल योग्यच आहे.

८/ पण तक्ता अजून शाबूत आहे. त्यात शेतकऱ्याच्या वाट्याला बळ, काटकपणा आणि शहाणपण येते. बुद्धी येत नाही. ज्या देशात धंदाच जन्माने ठरत आला, तेथील खेळाडूंनी ही ओळ दोनदा वाचावी, आणि अंक कुठे ठेवायचे हे पात्र घडवणाऱ्याच्याच हाती सोपवावे.