पुसट पाट्यांचा पत्ता

जुन्या बाजारपेठेतून जाताना आपली नजर दुकानांच्या पातळीवरच असते. पुढच्या वेळी ती जरा वर न्या. पहिल्या मजल्याच्या वर, दोन इमारतींच्या फटीत किंवा बंद दुकानाच्या दाराशेजारी एखादी रंगवलेली जाहिरात अजून तग धरून असेल. नाव अर्धं उडालेलं, एखादा आकडा शिल्लक, कडेला शिवणयंत्राचं किंवा चहाच्या कपाचं चित्र. इंग्रजीत अशा जाहिरातींना 'घोस्ट साइन' म्हणतात. आपण त्यांना पुसट पाट्या म्हणू. कुठे बघायचं हे ठाऊक असेल, तर त्या तुमच्या गल्लीबद्दल बरंच काही सांगतात.

आधी आकडे बघा

किंमत आण्यांमध्ये लिहिली आहे का? १ एप्रिल १९५७ पासून आपल्याकडे दशमान चलन आलं, सोळा आण्यांचा रुपया शंभर 'नव्या पैशांचा' झाला. 'नवे' हा शब्द १९६४ मध्ये गळला. म्हणजे पाटीवर 'नवे पैसे' दिसले, तर ती बहुधा त्या सात वर्षांतली.

मग पत्ता वाचा. सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. त्याआधी मोठ्या शहरांत फक्त विभागाचा क्रमांक असे : मुंबई ४, पुणे ३०, मद्रास ४, कलकत्ता १२. तेच क्रमांक पुढे पिनकोडच्या शेवटी जाऊन बसले. गिरगावचा ४००००४ आणि सदाशिव पेठेचा ४११०३० हे त्याच जुन्या पत्त्यांचे वारस आहेत.

पत्त्याखाली 'तार' असं लिहून एखादा छोटासा शब्द असेल, तर तो त्या पेढीचा तारेचा पत्ता. आपली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. दहा आकडी मोबाइल नंबर मात्र १९९५ च्या आधीचा असूच शकत नाही, कारण देशात मोबाइल सेवाच त्या वर्षी आली.

शहराच्या नावावरूनही अंदाज येतो. बॉम्बेचं अधिकृत नाव १९९५ मध्ये मुंबई झालं, मद्रासचं १९९६ मध्ये चेन्नई, कलकत्त्याचं २००१ मध्ये कोलकाता. पण ही खूण इंग्रजी पाटीवरच उपयोगी पडते. मराठी पाटीवर मुंबई आधीपासून मुंबईच होती!

एक सावधगिरी मात्र हवी. जुन्या पाटीवर नवा फोन नंबर नंतर रंगवलेला असू शकतो आणि कित्येक दुकानांनी नावातलं 'बॉम्बे' आजही सोडलेलं नाही. त्यामुळे एकाच खुणेवर विसंबू नका. दोन-तीन खुणा जुळल्या की मगच अंदाज बांधा.

मग शब्द वाचा

आकडे काळ सांगतात, तर शब्द माणसं सांगतात. मुंबईच्या गिरणगावात 'खाणावळ' हा शब्द दिसला, तर त्यामागे एक अख्खी वस्ती असते. कोकणातून, घाटावरून एकट्याने आलेले गिरणी कामगार, गावी राहिलेलं कुटुंब आणि महिन्याच्या हिशेबाने मिळणारं जेवण. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या. आता तिथे टॉवर आणि मॉल आहेत. त्या माणसांची नावं कुठल्या स्मारकावर कोरलेली नाहीत. अशा वेळी भिंतीवरचे चार शब्दही मोलाचे ठरतात.

तुम्ही इंदूर, बडोदा, बेळगाव किंवा हैदराबादला राहत असाल, तर पाटीची लिपीही बघा. एकाच पाटीवर दोन-तीन लिपी असतील, तर त्या दुकानात कोणकोणती गिऱ्हाइकं येत होती, याचा तो पुरावाच.

सरकारी भिंतीही वाचण्यासारख्या असतात. कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण आठवतो ना? आधीची घोषणा 'दो या तीन बच्चे' असं सांगायची, नंतर ती 'हम दो, हमारे दो' झाली. देशाचं धोरण तीनवरून दोनवर आलं, ते असं भिंतीवर उमटलं.

काही पाट्या टिकतात, काही का पुसतात?

चुन्यात रंग कालवून लिहिलेली अक्षरं दोन-चार पावसाळ्यांत धुऊन जातात. ऑइल पेंट बरीच वर्षं टिकतो. आपल्याकडे उत्तरेकडच्या भिंतीवर ऊन कमी पडतं, म्हणून तिथला रंग उशिरा विटतो. कधी वरचा थर सुटतो आणि खालची आणखी जुनी जाहिरात डोकावते. कधी शेजारची इमारत पाडली जाते आणि तिच्याआड झाकलेली पाटी अचानक उजेडात येते.

पाटीच्या खालचा कोपरा आवर्जून बघा. तिथे बारीक अक्षरांत पेंटरने आपलं नाव लिहिलेलं असतं. फ्लेक्स आल्यावर यातल्या बहुतेकांचं काम गेलं. दिल्लीचे कलाकार हनिफ कुरेशी यांनी 'हँडपेंटेड टाइप' या प्रकल्पातून अशा पेंटरांची अक्षरवळणं संगणकाच्या फॉन्टमध्ये उतरवली आणि त्या फॉन्टना पेंटरांचीच नावं दिली. भिंत पडली, तरी तो हात मागे राहिला.

तुम्ही काय कराल?

तुमच्या भागात पुनर्विकास सुरू असेल, तर पाटीला फार दिवस उरलेले नाहीत. सकाळच्या तिरप्या उन्हात फोटो काढा. एक जवळून, एक लांबून, म्हणजे इमारतही ओळखता येईल. फोटोसोबत तारीख आणि रस्त्याचं नाव लिहून ठेवा. मग तो फोटो घरातल्या आजी-आजोबांना किंवा शेजारच्या जुन्या दुकानदारांना दाखवा. 'इथे आधी काय होतं हो?' एवढंच विचारा आणि त्यांना बोलू द्या. मुलांना सोबत घेतलंत तर उत्तमच. सुट्टीतली एक सकाळ छान जाईल.

पाटीवरून फक्त दुकानाचं नाव कळतं. ते दुकान कोणी उघडलं, कधी भरभराटीला आलं आणि का बंद पडलं, हे सांगणारी माणसं अजून आपल्या आसपास आहेत. भिंत आणि माणूस दोन्ही आहेत, तोवर विचारून घ्या.