आडनांव आणि कुलशोध

आडनांवावरून कूळ आणि कुळावरून माणसाची योग्यता ठरविण्याची हौस आमच्या सुशिक्षित वर्गांत पुन्हां बळावत आहे. सारंगखेड्यास दत्तजयंतीच्या सुमारास तापीकांठीं घोड्यांचा बाजार भरतो. तेथें गिऱ्हाईक जनावराची पैदास विचारतो, हें आम्ही समजूं शकतों. पण माणसांविषयीं तोच प्रश्न विचारणारांनीं बेने इस्रायल समाजाकडे एकवार पाहावें.

केहिमकर, पेणकर, दिवेकर, रोहेकर, नवगांवकर हीं या यहुदी समाजाचीं आडनांवें. त्यांत हिब्रू धातु हुडकणाऱ्या पंडितांची आम्हांस कींव येते. केहिमकर म्हणजे किहीमचे, पेणकर म्हणजे पेणचे! पूर्वज कुलाब्याच्या, म्हणजे आजच्या रायगडच्या, कोणत्या गांवीं राहत, एवढेंच आडनांव सांगतें. तेल गाळणें हा त्यांचा धंदा. शनिवारीं घाणा बंद, म्हणून शेजारी त्यांस शनवार तेली म्हणत. सॅम्युएलचा सामाजी झाला, इझिकेलचा हसाजी. मुंबईंत १७९६ सालीं या समाजाचें पहिलें प्रार्थनामंदिर बांधणारे गृहस्थ सामाजी हसाजी दिवेकर हेच होत. या नांवांत परकेपणा दाखवा पाहूं!

कुलशोध मुळींच नको, असें आमचें म्हणणें नाहीं. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनीं १८९७ च्या सुमारास आपल्या समाजाचा इतिहास लिहिला. तो १९३७ मध्यें छापून निघाला. नवगांवच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबतांतून सात पुरुष व सात स्त्रिया वांचल्याची परंपरागत कथा असे जिव्हाळ्यानें जपणें निराळें, आणि वंशावळीचा दाखला मागून कोणास दारांत अडविणें निराळें. याच समाजांत गोरे इस्रायल व काळे इस्रायल असा भेद होता, आणि गोरे काळ्यांशीं सोयरीक करीत नसत. पुढें तोच न्याय सर्वांच्याच वांट्यास आला. १९६२ सालीं इस्रायलच्या मुख्य धर्मपीठानें आदेश काढला कीं, बेने इस्रायलांचा इतर यहुद्यांशीं विवाह लावण्यापूर्वीं त्यांच्या मातृकुळाची मागील पिढ्यांपर्यंत चौकशी व्हावी. शेंकडों वर्षें कोंकणांत शब्बाथ पाळणारांस हा प्रश्न! त्यांनीं जेरुसलेमांत ठाण मांडलें, आणि १९६४ मध्यें तेथील सरकारला ते सर्वार्थानें यहुदी आहेत असें जाहीर करावें लागलें.

रक्ताचें प्रमाण हवेंच असेल, तर तेंही आहे. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या आनुवंशशास्त्रीय अभ्यासांत या समाजांत मध्यपूर्वेकडील यहुदी आणि भारतीय, असे दोन्ही अंश आढळले. आतां शुद्धतावादी यांतील कोणता अंश टाकणार?

युरोपांतील यहुद्यांच्या आडनांवांवरही फार विसंबूं नये. ऑस्ट्रियाच्या दुसऱ्या जोसेफ बादशहानें १७८७ सालीं त्यांना कायम जर्मन आडनांवें घेण्याची सक्ती केली; तीं पुष्कळ नांवें म्हणजे सरकारी दप्तराचें अपत्य. आणि आमच्या खानदेशांत तर गांवोगांव पाटीलच पाटील! पाटीलकी हें वतन. त्या शब्दावरून जातसुद्धां खात्रीनें सांगतां येत नाहीं, मग रक्त कोठून सांगतां येणार?