निकाल लागला, मग चार्ज कधी?



निवडणूक शिकवताना आपण मतदार यादी, आचारसंहिता, मतदान यंत्र, बोटावरची शाई इथपर्यंत मन लावून शिकवतो. निकाल लागला की धडा संपला! पण निकालापासून नवं सरकार कामाला लागेपर्यंत जे दिवस जातात, त्यांच्याबद्दल आपण बोलतच नाही. माझ्या मते घोळ तिथेच होतो, म्हणून या दिवसांना कायद्याने मुदत घातली पाहिजे.

आपल्याच राज्याचं बघा. 2019 ला विधानसभेचा निकाल 24 ऑक्टोबरला लागला. भाजप 105, शिवसेना 56, राष्ट्रवादी 54, काँग्रेस 44. युती करून लढलेल्या दोन पक्षांचं मिळून बहुमत होतं, तरी मुख्यमंत्रिपदावरून अडलं. 12 नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट लागली, 23 ला सकाळी सकाळी शपथविधी, 26 ला राजीनामा आणि 28 ला वेगळंच सरकार. झाले 35 दिवस. पूर्ण मंत्रिमंडळ व्हायला 30 डिसेंबर उजाडला.

आणि याच काळात अवकाळी पावसाने राज्यभर पिकं झोपवली होती. आपल्या मार्केट यार्डात ज्यांचा माल उतरतो, तेच हे शेतकरी. मदत जाहीर केली ती राज्यपालांनी, 16 नोव्हेंबरला. खरीप पिकांना हेक्टरी 8000 रुपये, फळबागांना 18000, तेही दोन हेक्टरपर्यंतच. ही रक्कम कमी वाटली तर शेतकऱ्याने जाब कोणाला विचारायचा? मंत्री नव्हते. 288 आमदार निवडून आलेले होते, पण त्यांचीही शपथ 27 नोव्हेंबरपर्यंत झालेली नव्हती. मत देऊन महिना झाला तरी मत दिलेला माणूस सभागृहात बोलू शकत नव्हता, हे मला सरकार कोणाचं आलं यापेक्षा जास्त खटकतं.

कोणी म्हणेल, तेव्हा आकडेच जुळत नव्हते. मग 2024 घ्या. बहुमत स्पष्ट होतं. निकाल 23 नोव्हेंबरला, मुख्यमंत्र्यांची शपथ 5 डिसेंबरला, बाकीच्या मंत्र्यांची 15 ला नागपुरात, खातेवाटप 21 ला. शालेय शिक्षण खातं कोणाकडे गेलं हे आपल्याला चार आठवड्यांनी कळलं. मधले दहा दिवस मंत्रिमंडळ तीन जणांचं. राज्यघटनेचं कलम 164 म्हणतं की मुख्यमंत्र्यांसह किमान 12 मंत्री हवेत. किती दिवसांत हवेत, ते मात्र म्हणत नाही.

आपल्याकडे मुख्याध्यापकांची बदली झाली की काय होतं? डेड स्टॉक रजिस्टर, कॅश बुक, जनरल रजिस्टर, पोषण आहाराचा शिल्लक तांदूळ, कपाटाच्या किल्ल्या, सगळ्याची यादी होते आणि घेणारा-देणारा दोघांच्या सह्या होतात. चार शिक्षकी शाळेचा चार्ज इतका काटेकोर, आणि राज्याचा चार्ज नेत्यांच्या सवडीवर!

दिल्लीत हे पटकन होतं, असं ऐकायला मिळतं. खरं आहे, 2024 ला लोकसभेचा निकाल 4 जूनला लागला आणि 9 जूनला शपथ झाली. पण ती पद्धत झाली, नियम नव्हे. लोकसभेत आकडे फसले तर काय होतं ते 1996 ला दिसलं. आधी शपथ, मग बहुमताची शोधाशोध, आणि 13 दिवसांत राजीनामा.

बाहेरच्या देशांनी यावर उपाय केलेले आहेत. जर्मनीत निवडणुकीनंतर 30 दिवसांच्या आत संसद भरलीच पाहिजे, आणि सरकारचा प्रमुख संसदच मतदानाने निवडते. स्कॉटलंडमध्ये 28 दिवसांत सभागृहाने प्रमुखाचं नाव ठरवलं नाही तर पुन्हा निवडणूक.

मला वाटतं, निकालानंतर सातव्या दिवशी सभागृह भरावं आणि आमदारांची शपथ व्हावी. चौदाव्या दिवसापर्यंत सभागृहातच, सगळ्यांसमोर, उघड मतदानाने नेता निवडावा. राज्यपालांनी फक्त त्याला शपथ द्यावी. बहुमत सभागृहातच तपासायचं, हे सर्वोच्च न्यायालयाने 1994 च्या बोम्मई खटल्यात सांगितलेलंच आहे. खातेवाटपाला आणखी आठवडा पुष्कळ झाला. केंद्रालाही हेच लागू करावं.

यावर खरा आक्षेप एकच आहे. आघाडीची बोलणी करायला वेळ लागतो आणि घाई केली तर घोडेबाजार वाढेल. पण 2019 ला 35 दिवस मोकळे मिळाले, तेव्हा आमदार हॉटेलांतच होते ना? मुदत जितकी लांब, तितका हॉटेलचा मुक्काम लांब.

आपल्या भागातल्या लोकांना हे फारसं टोचत नाही, त्याचं कारणही मला दिसतं. आपल्या बाजार समितीवर जवळपास दोन दशकं प्रशासक मंडळीच होती, निवडणूक झाली ती एप्रिल 2023 ला. महापालिकेत मार्च 2022 पासून नगरसेवक नव्हते, मतदान झालं जानेवारी 2026 मध्ये. इतकी वर्षं लोकप्रतिनिधींशिवाय काढलेल्यांना 35 दिवस म्हणजे काय वाटणार!

शाळेच्या मंत्रिमंडळाची निवडणूक झाल्यावर चौथीतल्या एकीने मला विचारलं, "सर, जुना आरोग्यमंत्री पाचवीला दुसऱ्या शाळेत गेला, नवीन अजून ठरला नाही, मग नखं कोण तपासणार?" त्याच दिवशी आम्ही वर्गात नियम केला की निकालानंतरच्या सोमवारी, परिपाठ संपायच्या आत खाती वाटायची.