नवं पिस्तूल अडकतंय? 'आधी दोनशे गोळ्या झाडा' या सल्ल्यामागे काय दडलंय?

अमेरिकेत कुणी नवं छोटं पिस्तूल विकत घेतलं आणि पहिल्याच दिवशी गोळी अडकल्याची तक्रार केली, की उत्तर ठरलेलं असतं. पिस्तूल अजून रुळलेलं नाही, आधी शे-दोनशे गोळ्या झाडा, मग बोला. हा सल्ला दुकानदार देतो, रील्समधले 'गन एक्स्पर्ट' देतात. काही वेळा तो कंपनीच्या माहितीपुस्तिकेतही छापलेला असतो. काहर ही कंपनी तिच्या छोट्या पिस्तुलांसाठी २०० गोळ्यांचा 'ब्रेक-इन' सांगते. किम्बरच्या पिस्तुलांसाठी हा आकडा ४०० ते ५०० पर्यंत जातो.

आपल्याकडे पूर्वी नव्या गाडीच्या मागच्या काचेवर 'रनिंग इन' असं लिहिलेलं असायचं, त्यातलाच हा प्रकार. फरक इतकाच, की रुळेपर्यंत गाडी सावकाश चालवता येते. स्वसंरक्षणासाठी घेतलेलं पिस्तूल मात्र ज्या क्षणी लागेल त्या क्षणी चाललंच पाहिजे. मग ते चालतं की नाही, हे तपासायचं कुणी? कारखान्याने की गिऱ्हाइकाने?

छोट्या पिस्तुलांची एवढी चलती का?

१९८७ मध्ये फ्लोरिडाने कायदा बदलला आणि अटी पूर्ण करणाऱ्या माणसाला लपवून शस्त्र बाळगण्याचा परवाना देणं बंधनकारक झालं. पुढे अनेक राज्यांनी तोच रस्ता धरला. १९९४ च्या केंद्रीय कायद्याने नव्या मॅगझिनमध्ये दहापेक्षा जास्त गोळ्यांना बंदी घातली. ती २००४ पर्यंत टिकली. दहाच गोळ्या मिळणार असतील तर मोठं पिस्तूल कशाला, असा हिशोब लोकांनी आणि कंपन्यांनीही केला. जून २०२२ मध्ये 'ब्रुएन' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घराबाहेर शस्त्र बाळगण्याचा हक्क मान्य केला. २०२४ पर्यंत २९ राज्यांत तर त्यासाठी परवान्याचीही गरज उरली नव्हती. खिशात किंवा कमरेला मावेल असं पिस्तूल हवं असणारा ग्राहक असा तयार झाला.

पण छोटं म्हणजे सोपं नव्हे.

गोळी अडकते कशी?

गोळी सुटली की तिच्या धक्क्याने पिस्तुलाचा वरचा भाग, म्हणजे स्लाइड, मागे जाते. जाताना ती रिकामी पुंगळी बाहेर फेकते. मग स्प्रिंग तिला पुन्हा पुढे ढकलते. पुढे येताना ती मॅगझिनमधलं वरचं काडतूस उचलते आणि चेंबरच्या तोंडाशी असलेल्या छोट्या उतारावरून आत सरकवते. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत.

मोठ्या पिस्तुलात या कामाला जागा आणि वेळ दोन्ही थोडे जास्त मिळतात. छोट्यात स्लाइड आखूड आणि हलकी असते, तिचा प्रवास कमी, स्प्रिंग ताठ. तेवढ्या वेळात मॅगझिनच्या स्प्रिंगने पुढचं काडतूस वर आणलं नाही, तर स्लाइड त्याच्यावरून निघून जाते किंवा त्याला अर्धवटच पकडते. कधी गोळीचं टोक उतारावर अडतं. कधी काडतूस आत जातं, पण स्लाइड केसभर उघडी राहते. कधी रिकामी पुंगळी बाहेर न पडता स्लाइडच्या तोंडात उभीच्या उभी अडकते.

गोळीच्या आकाराचाही हात असतो. सरावाची साधी गोळी टोकाला गोल असते, ती उतारावरून घसरत जाते. स्वसंरक्षणासाठी वापरली जाणारी 'हॉलो पॉइंट' गोळी टोकाला बोथट आणि पोकळ असते, ती अडकण्याची शक्यता जास्त. त्यात मनगट सैल असेल तर धक्का स्लाइडऐवजी हातच झेलतो आणि स्लाइड पुरती मागे जात नाही. हलक्या पिस्तुलात ही चूक लगेच भोवते.

म्हणूनच जाणकार दुरुस्तीची सुरुवात साध्या गोष्टींपासून करायला सांगतात. कारखान्यातून येताना पिस्तुलाला गंज लागू नये म्हणून ग्रीस फासलेलं असतं. ते पुसून पुस्तिकेत सांगितलेल्या जागी तेल द्यायचं. मॅगझिनवर एक, दोन असे आकडे टाकायचे आणि अडचण नेमकी कुठल्या मॅगझिनबरोबर येते ते बघायचं. पुष्कळदा दोषी पिस्तूल नसतंच, मॅगझिन असतं. मग दुसऱ्या कंपनीची काडतुसं, मग पकड. एवढं करूनही अडकत असेल तर पिस्तूल कंपनीकडे परत पाठवायचं. घरच्या घरी उतार घासून 'पॉलिश' करण्याचे व्हिडिओ पाहिजे तेवढे सापडतात. तो कोन एकदा बिघडला तर पुन्हा जुळत नाही, शिवाय वॉरंटीही जाऊ शकते.

मग रुळणं ही थाप आहे का?

थाप नाही. नव्या स्प्रिंगचा ताठपणा थोडा उतरतो, धातूच्या कडा एकमेकींवर घासून गुळगुळीत होतात. भाग अगदी घट्ट बसवलेले असतील तर त्याने फरक पडतो. पण चुकीच्या मापात बनलेलं पिस्तूल दोनशे गोळ्यांनी सुधारत नाही. आणि पहिल्या दिवशी ग्राहकाला हे दोन प्रकार वेगळे ओळखता येत नाहीत. घोळ इथे आहे.

रेमिंग्टनच्या 'आर-५१' चं उदाहरण बोलकं आहे. हे छोटं ९ मिमी पिस्तूल २०१४ च्या सुरुवातीला गाजावाजा करत आलं. बाजारात येण्याआधी ज्यांनी ते हाताळलं त्यांनी कौतुक केलं होतं. प्रत्यक्ष विकलेल्या पिस्तुलांबद्दल मात्र तक्रारींचा पाऊस पडला. काडतूस नीट आत न जाणं ही त्यातली एक. कंपनीने उत्पादन थांबवलं आणि जुलै २०१४ मध्ये पिस्तूल परत करणाऱ्यांना नवं देण्याची घोषणा केली, वर दोन जादा मॅगझिन. पिस्तूल सुरक्षित आहे, पण नमुन्यावरून मोठ्या उत्पादनाकडे जाताना अडचणी आल्या, असं कंपनीचं म्हणणं होतं. सुधारित पिस्तूल यायला २०१६ उजाडलं. त्या आधीच्या काळात ज्यांनी 'रुळेल' म्हणून गोळ्या झाडल्या, त्यांनी खरं तर कंपनीच्या चाचण्या स्वतःच्या पैशाने केल्या.

हा खर्च किरकोळ नाही. सरावाची एक ९ मिमी गोळी साधारण २५-३० सेंटला मिळते, म्हणजे ५०० गोळ्यांचे सव्वाशे-दीडशे डॉलर झाले. हॉलो पॉइंट तर याच्या कितीतरी महाग, त्यामुळे जी गोळी प्रत्यक्षात वापरायची तिचीच चाचणी लोक टाळतात.

सरकार काय करतं?

अमेरिकेत मिक्सरपासून पाळण्यापर्यंत वस्तू सदोष निघाली तर 'कन्झ्युमर प्रॉडक्ट सेफ्टी कमिशन' ती बाजारातून परत मागवायला लावू शकतं. पण १९७२ च्या ज्या कायद्याने हे कमिशन जन्माला आलं, त्याच कायद्याने बंदुका आणि काडतुसं त्याच्या कक्षेबाहेर ठेवली. खेळण्यातलं पिस्तूल कमिशनच्या हाताखाली, खरं पिस्तूल नाही! एटीएफ ही केंद्रीय यंत्रणा विक्री आणि परवाने बघते, पिस्तूल नीट चालतं का हे बघणं तिचं काम नाही. त्यामुळे आर-५१ परत घेणं हा कंपनीचा स्वतःचा निर्णय होता.

कॅलिफोर्निया हा ठळक अपवाद. २००१ पासून तिथे दुकानात नवं पिस्तूल विकायला त्याचं मॉडेल राज्याच्या यादीत असावं लागतं. त्यासाठी एका मॉडेलची तीन पिस्तुलं प्रयोगशाळेत प्रत्येकी ६०० गोळ्या झाडून तपासली जातात. पहिल्या २० गोळ्यांत एकदाही अडकायचं नाही आणि एकूण ६०० मध्ये सहापेक्षा जास्त वेळा नाही. उंचावरून पाडून पाहण्याची चाचणी वेगळी. मात्र तपासणी नमुन्याची होते. दुकानातून हातात येणारं पिस्तूल त्याच दर्जाचं असेलच, याची खात्री हीसुद्धा देत नाही.

चाचण्यांवर भरपूर पैसा ओतणाऱ्या लष्करालाही आश्चर्याचे धक्के बसतातच. सिग सॉअरची एम-१७ आणि तिची छोटी आवृत्ती एम-१८ निवडल्यानंतर पेंटागॉनच्या चाचणी विभागाने २०१७ च्या अहवालात नोंदवलं, की हॉलो पॉइंटपेक्षा साध्या गोळ्यांनीच पिस्तुलं जास्त वेळा थांबली. रूढ समजाच्या अगदी उलट. बऱ्याच वेळा कारण सैनिकाच्या पकडीत सापडलं, अंगठा नको त्या खटक्यावर दाबला जात होता. जुलै २०२५ मध्ये वायोमिंगमधल्या हवाई तळावर एका जवानाचा गोळी लागून मृत्यू झाला, तेव्हा हवाई दलाच्या संबंधित कमांडने एम-१८ चा वापर थांबवला. पुढे या प्रकरणात दुसऱ्या एका जवानाला अटक झाली आणि तपासणीनंतर वापर पुन्हा सुरू झाला. ट्रिगर न दाबता आपलं पिस्तूल सुटत नाही, असं कंपनी सांगत आली आहे. हा वाद गोळी अडकण्याचा नाही, नको तेव्हा सुटण्याचा आहे. पण लष्कर निदान आपली पिस्तुलं एका आदेशाने बाजूला ठेवू शकलं. याच घराण्यातलं पी-३२० नागरिकांनीही विकत घेतलेलं आहे, आणि त्यांच्यासाठी असा आदेश देऊ शकणारी केंद्रीय यंत्रणा नाही.

भारतात हा प्रश्न का ऐकू येत नाही?

९ मिमी पिस्तूल इथे सामान्य परवानाधारकाला मिळतच नाही, ते प्रतिबंधित बोअरमध्ये येतं. परवाना मिळालेले बरेच जण कानपूरच्या सरकारी कारखान्याचं .३२ रिव्हॉल्व्हर घेतात. त्यात गोळ्या फिरत्या चक्रात आधीच बसवलेल्या असतात, त्यामुळे मॅगझिनमधून काडतूस वर येताना अडकण्याचा सवालच नाही. .३२ पिस्तूल घेणाऱ्यांना मात्र हा त्रास होऊ शकतो. आणि परवान्यावर वर्षाला किती काडतुसं घेता येतील याची मर्यादा लिहिलेली असते. रील बघून पाचशे गोळ्या झाडायला निघालेल्याचा कोटा पिस्तूल रुळायच्या आधीच संपेल.